फोटोतली सतरंजी

क्रेगीबर्न, रविवार, ८ जून २०२५

चि. मंजिरी,

मामाचे अनेक आशीर्वाद. उल्हासरावांना नमस्कार, मितालीला गोड पापा. ती आता युनिला, म्हणजे आपल्या भाषेत कॉलेजला, जाते म्हणे. पापा नको असेल तर आजोबांनी लांबून हात हलवला असं समज म्हणावं.

तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तीच बाई इंग्रजीत म्हणाली, निरोप ठेवा. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं मला ते, म्हणून पत्र. शिवाय कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत मी एकटा जाऊ शकतो, त्याला विक्रांतची गाडी लागत नाही.

आधी कामाचं. ऑक्टोबरात मला पंचाहत्तर पूर्ण होतात. विक्रांत आणि दीप्तीने घाट घातलाय. रविवारी १२ तारखेला इथला कम्युनिटी हॉल घेतलाय, दीडशे माणसं, जेवायला श्रीखंड. मंडळाचे सेक्रेटरी श्रीनाथ मानपत्र वाचणार, मग शाल आणि श्रीफळ. नारळाला शेंडी असेल याची खात्री मात्र तो देत नाही, इथले नारळ हजामत करूनच येतात. मी नको नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, न जाणो ऐकलं तर!

त्यात तुझं पाच मिनिटांचं मनोगत ठेवलंय. पत्रिकेत छापायला दिलं सुद्धा: 'सौ. मंजिरी, मामांची मानसकन्या'. काय बोलावं याची चिंता नको, मीच सुचवतो. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये तू संगमेश्वराहून चिंचवडला आमच्याकडे आलीस, बारा वर्षांची, हातात पत्र्याची ट्रंक. आम्ही तुला आल्या आल्या शाळेत घातलं, पुढे नर्सिंगला पाठवलं, आणि आज तू कॅनबेराला मोठ्या हॉस्पिटलात आहेस. एवढं सांगितलं तरी लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. मला अनुभव आहे.

गुंगालिनला तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी हेच बोललो होतो. माणसं हसली आणि रडली, दोन्ही. त्याला आठ वर्षं झाली, आणि त्यानंतर तुझा फोन नाही. हॉस्पिटलच्या ड्यूट्या काय असतात ते मला कळतं. दिवाळीला तू विक्रांतला मेसेज करतेस, तो मला वाचून दाखवतो. त्यात 'सगळ्यांना नमस्कार' असतं. सगळ्यांत मी आलोच.

उत्तर लवकर धाड. श्रीनाथला किती माणसं ते कळवायचंय.

तुझा,
प्रल्हादमामा


क्रेगीबर्न, २७ जुलै २०२५

चि. मंजिरी,

सात आठवडे झाले. मी टपालखात्यावर ढकलत होतो, पण विक्रांत म्हणतो कॅनबेराला पत्र चार दिवसांत पोचतं. असो. मी आपलं माझं लिहितो.

विक्रांतची उर्वी आता नववीत आहे. तिला शाळेतून इतिहासाचं काम दिलंय: जगातला कुठलाही एक पुतळा घ्या आणि तो ठेवावा, हलवावा की बदलावा ते कारणं देऊन सांगा. वर्गातल्या निम्म्या पोरांनी कॅप्टन कुक उचलला. मी म्हटलं, तू लिंकन घे. घरात माणूस आहे सांगायला.

तुला आठवत असेल, कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझ्या खिडकीवर कॅलेंडरातून कापलेलं लिंकनचं चित्र होतं. नट-बोल्ट घ्यायला येणारे कामगार विचारायचे, "प्रल्हादभाऊ, हे कुठले साहेब?" मी सांगायचो. त्याची जन्मभराची शाळा मोजली तर जेमतेम वर्षभराची. बाकी सगळं स्वतः वाचलेलं, उसनी पुस्तकं आणून. मी आठवी नापास. कारखान्याच्या लायब्ररीतून त्याचं चरित्र तीनदा नेलं, डिक्शनरी शेजारी ठेवून. तो देशाचा अध्यक्ष झाला, मी स्टोअरकीपर झालो, पण गाडी एकाच रुळावरची होती, असं मी मनाशी धरून होतो.

तर मी उर्वीला सांगायला बसलो: घरातलीच लढाई पेटलेली, देश दोन तुकडे व्हायच्या बेतात, आणि अशा वेळी ह्या माणसाने गुलाम मोकळे करायचा हुकूम काढला. ती लॅपटॉपवर वाचत होती. म्हणाली, "आजोबा, पण तो हुकूम फक्त शत्रूच्या राज्यांसाठी होता. ह्याच्या बाजूने जी चार राज्यं होती, तिथे पण स्लेव्ह्ज होते. त्यांना नाही सोडलं. सो ही फ्रीड द नेबर्स?"

शेजाऱ्यांकडचे सोडवले! मी तिला समजावलं की राजकारणात असंच असतं, लढाई चालू असताना आपल्याच लोकांना दुखवून चालत नाही, आणि पुढे त्याने घटनाच बदलायला घेतली, तेव्हा सगळेच सुटले. ती म्हणाली, "येह, फेअर." आणि लिहून घेतलं. पोरगी न्यायाची आहे.

दुसरं म्हणजे दीप्तीने समारंभाला जुन्या फोटोंची चित्रमालिका करायचं ठरवलंय, ते काम पण उर्वीकडेच. त्यात पंच्याऐंशीच्या गणपतीतला आपला फोटो निघाला. मी, मीनाक्षी आणि मध्ये माझी आई, तिघं खुर्च्यांवर. तू खाली सतरंजीवर, विक्रांत तुझ्या मांडीवर, दीड वर्षाचा. उर्वीने फोटो उलटा केला. तिला मराठी अक्षर लावायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचलं: प्रल्हाद, मीनाक्षी, ती. आई, चि. विक्रांत. गणपती १९८५. माझंच अक्षर.

"फोर नेम्स," ती म्हणाली. "फाइव्ह पीपल."

"ती तुझी मंजिरीआत्या. कॅनबेराची."

"मग ती फ्लोअरवर का?"

"खुर्च्या तीनच होत्या."

"तुम्ही उभे राहू शकला असता ना."

मी म्हटलं, अगं तेव्हा लहान मुलं खालीच बसायची. तिने मान हलवली. मग विचारलं, "तेव्हा ती स्कूलला होती?" मी हो म्हटलं, आणि उठून चहा टाकला. दुपारचे दोन वाजले होते, चहाची वेळ नव्हती.

बाकी ठीक. थंडी मजबूत आहे. तुमच्याकडे तर गवतावर बर्फ धरत असेल. कानाला बांधत जा.

तुझा,
प्रल्हादमामा


क्रेगीबर्न, १७ ऑगस्ट २०२५

चि. मंजिरी,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुला आल्या आल्या शाळेत घातलं. ते दुरुस्त करतो. दोन वर्षांनी घातलं.

हे मी आपणहून लिहितोय असं नाही. उर्वीने तोच प्रश्न तिच्या आजीला विचारला. मीनाक्षी मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "शहाऐंशीला."

मी म्हटलं, "काहीतरीच. पंच्याऐंशी असेल."

"शहाऐंशीचा जून. विक्रांतला बालवाडीत घातला त्याच दिवशी. दोघांना एकदमच सोडून आले मी, मग एक्स्चेंजला गेले. मला काय विचारता? टेलिफोनची नोकरी कोणाच्या जिवावर केली मी दोन वर्षं?"

मग उर्वीकडे बघून तिने सगळंच बाहेर काढलं, मटारासारखं. तुझ्या आईला आम्ही शाळेचा शब्द दिला होता. जूनमध्ये मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हटलं, आता वर्ष मध्येच कुठे, पुढच्या जूनला बघू. पुढच्या जूनला विक्रांतला गोवर आला. घोंगडं भिजत ठेवायला कारण लागतंच असं नाही, पण मला ते दरवेळी मिळालं.

"आणि नर्सिंगला यांनी पाठवलं म्हणतात ना," मीनाक्षी पुढे म्हणाली, "तर सरकारी हॉस्पिटलचं शिक्षण, राहायला हॉस्टेल, वर स्टायपेंड. यांनी पालक म्हणून फॉर्मवर सही केली. ती पण मी पेन शोधून दिलं तेव्हा."

मी म्हटलं, पोरीसमोर हे सगळं काढायची गरज आहे का? ती म्हणाली, "दीडशे माणसांसमोर काढणारे तुम्ही. मी एकीसमोर काढलं."

मला एक आठवतं ते लिहून टाकतो. आपल्या खिडकीतून पलीकडच्या शाळेची प्रार्थना ऐकू यायची. तुला ती सगळी पाठ झाली होती. दुपारी विक्रांतला पाळण्यात घालून तू तीच म्हणायचीस. रविवारी मी घरी असलो की ऐकायचो आणि मनात म्हणायचो, पोरीचा गळा किती गोड! दुसरं काही माझ्या मनात आलं नाही.

आता उर्वीचा पुतळा. वॉशिंग्टनला आहे. लिंकन उभा, एक हात पुढे धरलेला, आणि त्याच्या पायाशी सुटलेला गुलाम, बेड्या तुटलेल्या, पण एका गुडघ्यावर. गंमत अशी की तो पुतळा उभारायला पैसे दिले ते सुटलेल्या माणसांनीच, गोळा करून. पण तो कसा असावा हे त्यांना कोणी विचारलं नाही. उद्घाटनाला ज्यांनी भाषण केलं ते गृहस्थ स्वतः गुलामीतून पळून आलेले. त्यांनी लिंकनला मोठेपणा दिला आणि त्याचं कुठं चुकलं तेही सांगितलं. मग चार दिवसांनी वर्तमानपत्राला कळवलं की मरण्यापूर्वी मला एक असा पुतळा बघायचाय, ज्यात आमचा माणूस स्वतःच्या पायांवर उभा असेल. ह्याच पुतळ्याची दुसरी प्रत बॉस्टनला होती, ती पाच वर्षांपूर्वी लोकांनी काढायला लावली.

उर्वीने त्या पुतळ्याचं चित्र आणि आपला गणपतीचा फोटो शेजारी शेजारी ठेवला होता. मुद्दाम नाही. टेबल लहान आहे.

मी बराच वेळ बघत होतो. लिंकनची बाजू घ्यायची तर एक आहे. तो पुतळा त्याच्या मरणानंतर अकरा वर्षांनी झाला, त्याने तो पाहिलाच नाही. माझा मी जिवंतपणी केला, स्वतःच्या हाताने, आणि जाईन तिथे बरोबर नेला.

वास्तुशांतीला मी काय बोललो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं, कारण विमानात पाठ केलं होतं. "अमेरिकेत लिंकनने लाखो सोडवले. आम्ही चिंचवडला एकच सोडवली, पण नर्स करून सोडली. आमच्याकडे भांडी घासणारी ही पोर आज बघा!" टाळ्या पडल्या. तुझ्या वॉर्डाच्या मॅनेजरबाईंना उल्हासराव इंग्रजीत सांगायला लागले आणि मध्येच थांबले. तू तीर्थाचं भांडं घेऊन उभी होतीस. ते तू खाली ठेवलंस आणि आत गेलीस, ती पानं वाढेपर्यंत बाहेर आली नाहीस. मी लोकांना म्हटलं, भरून आलंय तिला.

तुझ्या सासूबाईंना ट्रंकेचं आणि भांड्यांचं तोपर्यंत काही माहीत नव्हतं, हे मीनाक्षीने मला त्याच दिवशी एअरपोर्टला जाताना सांगितलं होतं. म्हणजे मला आठ वर्षं माहीत आहे. ड्यूट्यांचं जे लिहिलं ते उगाच.

प्रल्हादमामा


क्रेगीबर्न, ३१ ऑगस्ट २०२५

चि. मंजिरी,

सोबत चार पानं जोडली आहेत. ती वाच आणि मगच पुढचं वाच.

वाचलीस? हे माझं सत्काराच्या उत्तराचं भाषण. मानपत्रातला सगळा खोटेपणा मी स्वतः मोडून काढणार. दोन वर्षं, प्रार्थना, फॉर्मवरची सही, लिंकनचं ते वाक्य, सतरंजी, एकही गोष्ट सोडणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय राहिलं नाही माझं. तू पहिल्या रांगेत बसशील. शेवटी मी स्टेजवरून खाली येईन आणि सगळ्यांसमोर तुझ्यापुढे हात जोडीन. वाटलं तर गुडघ्यावरही बसेन, उठवायला विक्रांत आहे.

श्रीनाथला फोनवर कल्पना दिली. तो म्हणाला, "काका, सॉलिड! अख्खा हॉल रडणार. व्हिडिओवाल्याला सांगून ठेवतो, दोन कॅमेरे लावू."

मीनाक्षीला वाचून दाखवलं तर तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय." बास, एवढंच. तिला माझं कौतुक करायची सवयच नाही.

उर्वीला विचारलं. ती म्हणाली, "आत्याला हवंय का हे?" मी म्हटलं, माफी कोणाला नको असते? ती म्हणाली, "आय मीन, विथ कॅमेराज?"

ह्या पोरांना सोहळ्याची किंमत नसते. तू ये मात्र नक्की. तू नसलीस तर मी माफी मागू कोणाची? विमानाचं तिकीट विक्रांत काढतो म्हणतोय, तिघांचं.

तुझा,
प्रल्हादमामा


क्रेगीबर्न, २१ सप्टेंबर २०२५

चि. मंजिरी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. आठ वर्षांत पहिलं, म्हणून खरं तर दारातच फोडलं. इतकं लहान आहे की मला पाठ झालंय. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, तरी इथे उतरवतो, म्हणजे मी नीट वाचलं एवढं तुला कळेल:

'मामा, चारही पत्रं मिळाली. मी येणार नाही. कौतुकाचं भाषण करू नका. माफीचंही करू नका. माझी गोष्ट सांगू नका, खरीसुद्धा. ती मी मितालीला सांगितली आहे, मला हवी तशी. मामींचे गुडघे कसे आहेत? मंजिरी.'

मला राग आला. लपवायचं कशाला? अंगण झाडून, पाणी शिंपडून माणूस वाट बघतोय, आणि पाहुणा रस्त्यावरूनच म्हणतोय की तुमच्या अंगणात मला यायचं नाही. खरं बोलायचीही चोरी! मीनाक्षीला तावातावाने वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "गुडघ्यांचं परत वाचा."

परत वाचलं. मग ती म्हणाली, "बारा वर्षांची असल्यापासून पोरीने तुमच्याकडे काय काय मागितलं, आठवतंय?"

मी आठवून पाहिलं. फ्रॉक मागितला नाही, चपला मागितल्या नाहीत, गणपतीला गावी जायचंय असं म्हणाली नाही. एकदा शाळा मागितली होती. पहिल्याच महिन्यात, मी जेवत असताना. मी म्हटलं होतं, बघू.

"मग हे दुसरं," मीनाक्षी म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

दोन दिवस गेले. गुरुवारी मी श्रीनाथला फोन केला की मानपत्रातून तुझा सगळा मजकूर काढ, आणि माझं भाषणही मी बदलतोय.

"काका, गंमत करताय का? छापायला गेलंय!"

"परत छाप."

"अहो, पण तोच तर हायलाइट आहे. तो पॅरा काढला तर उरतं काय? एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, वेळेवर गेले, वेळेवर आले?"

मी म्हटलं, "तेवढंच उरू दे."

तो मग म्हणाला, "ताईंशी काही बिनसलंय का? मी बोलून बघू त्यांच्याशी?" मी म्हटलं, बाबा रे, एकाने बोलून ठेवलंय तेवढं पुष्कळ आहे.

उर्वीचं काम शाळेत देऊन झालं. तिने पुतळा ठेवा असंही लिहिलं नाही आणि काढा असंही नाही. लिहिलं की कोणी ठरवायचं ते आधी ठरवा. मला भीती होती की लिंकनचं ह्या पोरीने पार वाटोळं केलं असेल, म्हणून घाबरत विचारलं, "मग कसा माणूस होता शेवटी?"

ती म्हणाली, "लिंकन इज ओके, आजोबा. त्याने केलं ते केलंच. जस्ट, त्या दुसऱ्या माणसाला पण कोणीतरी विचारायला पाहिजे होतं."

चार पानांच्या भाषणाची माझ्याकडची प्रत मी फाडली. मागून कोरे असलेले तुकडे मीनाक्षीने वाणसामानाच्या यादीसाठी ठेवलेत.

प्रल्हादमामा


क्रेगीबर्न, सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

चि. मंजिरी,

जीव टांगणीला नको म्हणून आधी सांगतो. सांगितली नाही.

पण सोपं झालं नाही, म्हणून जरा सविस्तर. कोणाकडून तरी तुझ्या कानावर येईलच, आणि येताना त्याला शिंगं फुटलेली असतील.

श्रीनाथने नवं मानपत्र वाचलं. लहान होतं. माणसं एकमेकांकडे बघत होती, कारण निम्म्यांनी मूळ गोष्ट माझ्याकडून दोन-दोनदा ऐकलेली, ती ह्यात कुठेच नाही. मग शाल, मग नारळ (शेंडी होती!), मग दिवे मालवून फोटो सुरू झाले. उर्वीने आपला तो फोटो काढून टाकला होता. पण दीप्तीने मालिकेची एक प्रत जुलैतच श्रीनाथला पाठवून ठेवलेली, आणि हॉलच्या कॉम्प्युटरवर लागली ती तीच. भिंतभर सतरंजी. तू, विक्रांत, आणि वर आम्ही तिघं.

श्रीनाथचा जीव चांगला आहे, मला आता पटलंय. पण हातात माइक आला की माणसाचं काय होतं ते मी कोणाला सांगू! तो म्हणाला, "आणि हा फोटो! ह्याच्यामागे एक विलक्षण गोष्ट आहे. मानपत्रात ती मुद्दाम ठेवली नाही, कारण ती काकांच्याच तोंडून ऐकायची. काका!" आणि माइक माझ्या हातात.

पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी रुमाल काढून तयार ठेवले.

मंजिरी, तुला खोटं सांगत नाही. सगळी गोष्ट तोंडाशी आली होती. जुनीही आणि नवीही. ट्रंकेपासून सुरू केली असती तर कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं आहे. नवी तर जुनीपेक्षा सरस झाली असती. आणि दीडशे माणसं वाट बघत होती, तोंड माझ्याकडे करून. ही चव फार वाईट.

मी म्हटलं, "पुढचा फोटो लावा."

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. वाकून म्हणाला, "काका, ही खाली बसलेली मुलगी..."

"ऐकलं मी. ती गोष्ट माझी नाही. पुढचा फोटो."

माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं. कोणीतरी खोकलं. पुढचा फोटो आला, त्यात मी कारखान्यात मॅनेजरच्या हातून पंचवीस वर्षांच्या नोकरीचं घड्याळ घेतोय, तोंड वासलेलं. त्यावर माणसं हसली, आणि मीही हसलो. कार्यक्रम पंधरा मिनिटं आधी संपला. श्रीखंड गार होतं तोवरच ताटात पडलं, असं सगळे म्हणत होते. एक-दोघं असंही म्हणत होते की काका थकले आता, पूर्वी कसं रंगवून सांगायचे.

गाडीत विक्रांत म्हणाला, "बाबा, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, बरं आहे. उर्वी मागे बसली होती. तिने माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं, मॅच हरलेल्याला थोपटतात तसं. मीनाक्षीने घरी आल्यावर नारळ फोडून पहिला तुकडा मला दिला.

सोबत तो फोटो आहे. टपालात दुमडू नये म्हणून पुठ्ठ्यात घातलाय. कॉम्प्युटरवरचा उर्वीने पुसला, श्रीनाथकडून तिने समोर उभं राहून पुसून घेतला. म्हणजे आता हा एवढाच आहे, आणि माझ्याकडे नाही. मागे माझ्या अक्षरात चार नावं आहेत. पाचवं लिहायला काल पेन उघडलं होतं. मग टोपण लावलं. आईच्या नावाखाली जागा आहे. तुला वाटलं तर लिही, नाही वाटलं तर राहू दे, आणि फोटोच नको असेल तर त्याचं काय करायचं तेही तूच ठरव.

ह्या पत्राच्या उत्तराची मी वाट बघेन. बघत नाही असं लिहिलं तर ते पुन्हा ड्यूट्यांसारखं होईल. पण तू पाठवायलाच हवं असं नाही.

तू एवढ्या वर्षांत एकच प्रश्न विचारलास, आणि मागच्या पत्रात माझं सांगण्याच्या भरात त्याचं उत्तर राहिलं. मामीचा डावा गुडघा बरा आहे. उजवा थंडीत दुखत होता, आता ऊन पडायला लागल्यापासून ती कोपऱ्यापर्यंत चालते. आज हे पत्र टाकायला टपालपेटी तीच गाठणार आहे. मला म्हणाली, तुम्ही बसा.

प्रल्हादमामा